वाचनालयाचा प्रिंटर : कामाच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

९ जून

सकाळी ग्रंथपाल काकूंचा फोन. "अगं, प्रिंटर कालपासून गप्प आहे. दिवा हिरवा आहे, कागद आहे, पण काही येत नाही. वर्गणीच्या पावत्या हातानं लिहितेय."

संध्याकाळी वाचनालयात गेले. सामान असं: काउंटरवर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मुक्त कार्यप्रणाली) असलेला डेस्कटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला जुना, देणगीत आलेला काळा-पांढरा छोटा लेझर. वरच्या मजल्यावर मुलांच्या विभागात दुसरा डेस्कटॉप, त्यावरही मिंट.

आधी एलएसयूएसबी चालवलं, ही यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी आज्ञा. प्रिंटर दिसतो, म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक. मग एलपीस्टॅट, ही छपाईच्या रांगेची स्थिती दाखवते. रांगेत चौदा कामं, चौदाही त्याच पावतीची, आणि प्रिंटर "थांबवलेला". लिनक्सवर छपाई सांभाळणारा कार्यक्रम म्हणजे कप्स, आणि त्याची मूळ सवयच अशी आहे: एखादं काम बिघडलं की तो पूर्ण रांग थांबवतो आणि कुणीतरी हाताने सुरू करेपर्यंत तशीच ठेवतो. समोरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, तो बिचारा पुन्हा प्रिंटचं बटण दाबतो. चौदापैकी तेरा कामं रद्द केली, रांग सुरू केली, उरलेलं एक जाऊ दिलं. "पाठवत आहे" असं मिनिटभर दिसलं आणि रांग पुन्हा थांबली.

लाइट गेली, घरी आले.

१० जून

कारण सापडलं. चूक माझीच होती.

हा प्रिंटर आतून जवळजवळ कोरा आहे. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला कार्यक्रम, त्याच्याकडे कायमचं नसतं. चालू झाला की संगणकाने ते दर वेळी पाठवायचं, वीज गेली की ते पुसलं जातं. लिनक्सवर हे काम ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारा संगणकावरचा कार्यक्रम) आपोआप करतो, पण फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं असल्यामुळे ते ड्रायव्हरच्या मुक्त पॅकेजमध्ये नसतं, प्लगिन नावाच्या वेगळ्या जोडभागातून येतं. आणि प्लगिनची आवृत्ती पॅकेजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. ५ जूनला मी डेस्कटॉप नव्या आवृत्तीवर नेला, तेव्हा पॅकेज बदललं, प्लगिन जुनंच राहिलं. तीन दिवस काही कळलं नाही, कारण प्रिंटर बंदच झाला नव्हता. जुनं फर्मवेअर पोटात होतं, त्यावर तो छापत होता. ८ तारखेला वादळी पावसात चार तास लाइट नव्हती. संगणक यूपीएसवर आहे. लेझर यूपीएसवर लावत नाहीत, त्याची टोनर वितळवणारी भट्टी एकदम फार वीज ओढते. म्हणून प्रिंटर तेवढा कोरा झाला.

एरर लॉगमध्ये, म्हणजे कप्सच्या चुकांच्या नोंदवहीत, प्लगिन नसल्याची ओळ पहिल्याच दिवशी होती. काल लाइट असती तर तिथूनच सुरुवात केली असती. यापुढे क्रम ठरला: एलएसयूएसबी, एलपीस्टॅट, मग थेट लॉग. अंदाज बांधणं नंतर.

खात्रीसाठी फर्मवेअरची जुनी फाइल यूएसबीच्या एलपी शून्य या उपकरण-फाइलीत सरळ ओतली. दोन सेकंद काही नाही. मग मोटर फिरली, आतले रूळ घरघरले, दिवा दोनदा लुकलुकून स्थिर झाला. काकू दारातूनच म्हणाल्या, "लाइट जाऊन आली की हा आवाज यायचा, या वेळी आला नव्हता." त्यांना हे आधी विचारायला हवं होतं. प्लगिन नव्याने बसवलं, वीज काढून-लावून तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा घरघर आली, पावती छापली.

१४ जून

या प्रिंटरची एरर पॉलिसी बदलली. आता काम बिघडलं तर कप्स रांग न थांबवता तेच काम पुन्हा पाठवून पाहील. भिंतीवर एक कागद लावला: "प्रिंट आली नाही तर पुन्हा बटण दाबू नये. ब्राउझरमध्ये खुणेवरचं 'प्रिंटर' पान उघडावं." ते पान म्हणजे लोकलहोस्ट ६३१ (याच संगणकाचा आतला पत्ता), कप्सचं स्वतःचं पान. रांग, रद्द, सुरू, सगळं तिथे आहे आणि ते कुठल्याही लिनक्सवर सारखंच असतं.

१५ जून

रविवार. पाऊस. नवा प्रिंटर घ्यायचा विचार कार्यकारिणीपुढे मांडायचा आहे, म्हणून डोकं स्वच्छ करण्यासाठी लिहिते.

आठवडाभर मला जे सलत होतं ते बिघाडापेक्षा मोठं आहे. यंत्र धडधाकट आहे, टोनर भरून मिळतो, रूळ चांगले आहेत. तरी ते एका बंद फाइलीवर अवलंबून आहे. उद्या ती फाइल मिळेनाशी झाली तर चांगलं यंत्र भंगारात. गावच्या वाचनालयाने दहा वर्षांच्या हिशेबाने वस्तू घ्यायची असते. म्हणून प्रिंटर घेताना पहिला प्रश्न "तो कुठली भाषा बोलतो?" हा असायला हवा.

प्रिंटर ढोबळ मानाने दोन जातींचे. एका जातीला पान समजतच नाही. पानाचा एकेक ठिपका संगणक तयार करतो आणि त्या कंपनीच्या खास भाषेत पाठवतो. ती भाषा बहुतेकदा कुठे लिहून ठेवलेली नसते. ज्या थोड्या भाषा लिनक्सला येतात त्या कुणीतरी वर्षानुवर्षं तारेवरून जाणारा डेटा वाचून उलगडल्या म्हणून. फू-टू-झेडजेएस किंवा ब्रलेझर हे ड्रायव्हर असेच जन्मले. त्या लोकांचे उपकार आहेत. पण खरेदी करताना कुणाच्या उपकारांवर विसंबू नये.

दुसऱ्या जातीला सर्वांची भाषा येते. पोस्टस्क्रिप्ट ही जुनी. आताची म्हणजे आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, छपाईच्या संवादाची ठरलेली पद्धत) यावर पीडीएफ किंवा ठरलेल्या नमुन्याचं रास्टर, म्हणजे ठिपक्यांचं चित्र. प्रिंटर स्वतःच सांगतो की मला कुठले कागद चालतात, दोन्ही बाजूंना छापता येतं का, रंग आहे का. ड्रायव्हर लागतच नाही. हे आलं ते फोनमुळे: फोनवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर कोण बसवणार? २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं, २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीवेअर हे खुलं मानक ठरलं, त्याच वर्षी मोप्रिया ही कंपन्यांची संघटना निघाली. फोनसाठी केलेल्या सोयीचा सगळ्यात मोठा फायदा लिनक्सवाल्यांना झाला. आज खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाची खूण दिसली की निम्मं काम झालं समजायचं.

कप्स मायकेल स्वीट यांनी लिहिलं, १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं. २००७ मध्ये ॲपलने ते विकत घेतलं. २०१९ च्या शेवटी स्वीट तिथून बाहेर पडले आणि पुढची वाढ ओपनप्रिंटिंग या गटाकडे आली. पुढच्या मोठ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर कप्समधून जाणार आहेत. टर्मिनलमधून जुना प्रिंटर जोडला की "ड्रायव्हर लवकरच बंद होतील" अशी ताकीद आताच येते. जुन्यांसाठी प्रिंटर ॲप्लिकेशन नावाचे वेगळे कार्यक्रम तयार झाले आहेत, ते जुन्या यंत्राला आयपीपीचा मुखवटा चढवतात. म्हणजे जुना प्रिंटर लगेच मरणार नाही. पण नवा घेताना उलट्या दिशेने जाण्यात अर्थ नाही.

१९ जून

कार्यकारिणीची बैठक. शाईच्या टाकीवाला रंगीत प्रिंटर घ्यावा असं दोघांचं म्हणणं: पान स्वस्त पडतं, मुलांच्या कार्यक्रमाची रंगीत पत्रकं होतात. हिशेब बरोबर आहे. शाईवाल्यांना लिनक्सवर अडचणही फारशी नसते, एप्सनच्या ईएससी/पी-आर या छपाईच्या भाषेचा ड्रायव्हर डेबियन-उबंटू या लिनक्सांच्या भांडारात आहे, एचपीसाठी एचपीलिप हा ड्रायव्हर आहे.

माझा मुद्दा पुस्तकांच्या लेबलांचा होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून शाईच्या प्रिंटरवर एक लेबल छापून आणलं होतं, दुसरं आपल्या लेझरवरचं. बैठकीत दोन्हींवर ओलं बोट फिरवलं. शाईचा "८९१.४६" निळसर होऊन पसरला, सहाचं पोट भरून गेलं. लेझरचा तसाच. मराठीच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर हा वर्गांक आहे, आणि आपल्याकडे चार महिने लोक छत्री मिटून त्याच हाताने पुस्तक काढतात. शिवाय शाईचा प्रिंटर आठवडाभर पडून राहिला की नळ्या साफ करण्यात शाई जाते. लेझर महिनाभर बंद राहिला तरी पहिलं पान स्वच्छ येतं.

ठरलं: काळा-पांढरा लेझर, दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा, नेटवर्कला जोडता येणारा, ड्रायव्हरशिवाय चालणारा, ज्याचा टोनर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. रंगीत पत्रकं वर्षातून दोनदा बाहेरून.

२८ जून

चिपळूण. दोन दुकानं. बरोबर लॅपटॉप, लाइव्ह मिंटचा (न बसवता थेट चालणाऱ्या मिंटचा) पेनड्राइव्ह आणि माझी यूएसबी केबल.

पहिल्या दुकानात खोकं उघडायला तयार नव्हते. हरकत नाही, त्यांचाही माल आहे.

दुसऱ्या दुकानातला मुलगा उत्साही. "ताई, लिनक्सला काय चालत नाही, विंडोज टाकून देऊ का?" म्हटलं, दादा, दहा मिनिटं दे, दोघंही बघू. दाखवायच्या दोन यंत्रांना केबल लावली आणि एलएसयूएसबीचा सविस्तर अहवाल काढला. त्यात यंत्राच्या प्रत्येक इंटरफेसपुढे (जोडणीच्या प्रकारापुढे) क्लास आणि प्रोटोकॉल यांचे आकडे असतात. प्रिंटरचा क्लास ७. प्रोटोकॉल १ किंवा २ असेल तर एकेरी किंवा दुहेरी संवादाची जुनी यूएसबी छपाई. ४ असेल तर यूएसबीवरून आयपीपी. पहिल्या यंत्रात फक्त २. दुसऱ्यात २ आणि ४ दोन्ही. दुसरं लावताच आयपीपी-यूएसबी ही सेवा आपोआप जागी झाली आणि काहीही न बसवता प्रिंटर सेटिंगच्या यादीत आला. वाचनालयाच्या मराठी सूचनेची पीडीएफ छापली, दोन्ही बाजूंनी. मुलाने पान उलटून पाहिलं आणि तो आकडा कुठे बघायचा ते वहीत लिहून घेतलं.

यंत्राचा नमुना क्रमांक मुद्दाम इथे लिहीत नाही. वर्षभराने दुकानात वेगळाच असतो. वरची तपासणी मात्र तेव्हाही उपयोगी पडेल.

किंमत पहिल्या यंत्रापेक्षा जास्त. खजिनदारांशी फोनवर बोलून घेतलं.

१ जुलै

बसवला. तारेने राउटरला जोडला, राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून दिला. आता लाइट जाऊन आली तरी पत्ता बदलणार नाही. काउंटरच्या संगणकाने तो स्वतःच शोधला.

पहिलंच काम अडलं. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर "लेटर कागद घाला". ट्रेमध्ये ए४ आहे. हा दोष प्रिंटरचा नव्हे. हा संगणक बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी निवडली होती, आणि कागदाचं मूळ माप त्यावरून ठरतं. अमेरिकेत लेटर चालतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० बाय २९७. कप्समध्ये या रांगेचं माप ए४ केलं, ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या पेपरसाइज फाइलीत ए४ लिहिलं. तरी एक फाइल लेटरच मागत राहिली. लिबरऑफिसमध्ये त्या पावतीच्या नमुन्याच्या पानाचंच माप लेटर होतं, तेही बदललं. माप तीन ठिकाणी राहतं: कागदपत्रात, रांगेत, यंत्राच्या ट्रे-सेटिंगमध्ये. तिन्ही एकदा बघून घ्यायची.

२ जुलै

पावत्या ६२. अडचण नाही.

५ जुलै

वरच्या मजल्यावरच्या संगणकाला प्रिंटर दिसेना. पत्ता देऊन पिंग केलं तर उत्तर येतं, म्हणजे रस्ता आहे, फक्त ओळख होत नाही. ओळख करून देण्याचं काम अवाही ही सेवा करते, एमडीएनएस ही नेटवर्कवर नावं शोधायची पद्धत वापरून, यूडीपीच्या ५३५३ पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या ठरलेल्या दारावर. त्या संगणकावर मुलं बसतात म्हणून मी फायरवॉल घट्ट लावली होती. ते पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडलं आणि पाच सेकंदांत प्रिंटर यादीत आला.

त्याच बैठकीत दोन्ही संगणकांवर कप्स-ब्राउज्ड ही नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी सेवा बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली गंभीर भोकं जाहीर झाली: यूडीपी ६३१ वर कुणीही खोटा प्रिंटर म्हणून ओळख देऊ शकत होता आणि त्यावर कुणी काम पाठवलं की त्याच्या आज्ञा संगणकावर चालत होत्या. दुरुस्त्या आल्या आहेत, मिंटवर त्या बसलेल्या आहेत. पण आपल्याला त्या सेवेची गरजच नाही. ड्रायव्हरशिवायचे प्रिंटर कप्स स्वतः अवाहीकडून शोधतो.

१२ जुलै

लेबलं. हा दिवस पूर्ण गेला, पण काम शिकण्यासारखं होतं.

ए४ च्या तावावर २४ लेबलं, तीन उभ्या रांगा, आठ आडव्या ओळी, प्रत्येक लेबल ७० बाय ३७ मिलिमीटर. आधी साध्या कागदावर छापून तो लेबलच्या तावावर ठेवून उजेडात धरला. मधल्या ओळी बरोबर, वरची ओळ सहा मिलिमीटर खाली सरकलेली, खालची तेवढीच वर. मी आधी टेम्प्लेटच्या समासांशी अर्धा तास खेळले आणि सगळं आणखी बिघडवलं.

मग शहाणपण सुचलं. पानावर बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून छापली आणि पट्टीने मोजली. ९६ भरली. म्हणजे कुणीतरी पान आक्रसतंय. प्रिंटरला काठाजवळ ४.२ मिलिमीटर छापता येत नाही, म्हणून २१० मधून दोन्हीकडचे मिळून ८.४ गेले, उरले २०१.६, आणि ते २१० च्या बरोबर ९६ टक्के. पीडीएफ वाचकाच्या खिडकीत "पानात बसवा" निवडलेलं होतं. ते काढून मूळ आकार ठेवला, रांगेतही स्केलिंग "नको" केलं. रेघ १०० भरली, चोवीसही लेबलं जागेवर.

लेबलचे ताव लेझरसाठीचेच घ्यायचे. आतली भट्टी साधारण २०० अंशांपर्यंत तापते, साध्या तावाचा गोंद सुटून रुळाला चिकटतो. आणि अर्धी लेबलं काढलेला ताव पुन्हा घालायचा नाही, कितीही वाचवावासा वाटला तरी. काकूंना हे दोनदा सांगितलं, कारण काटकसर त्यांच्या हाडात आहे.

२० जुलै

वार्षिक अहवाल छापायचा आहे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातो, अनुदान त्यावर. मागच्या वर्षीची फाइल उघडली तर पडद्यावर अर्थहीन चिन्हं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली, आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही. तिची पीडीएफ होती. पीडीएफफॉन्ट्स या आज्ञेने तपासलं: "अंतर्भूत" या रकान्यात "नाही". फॉन्ट फाइलीत बांधलेलाच नव्हता, म्हणून ज्या संगणकावर तो नाही तिथे कचराच छापणार, प्रिंटर कितीही चांगला असो. दोन संध्याकाळी खपून काकूंनी आणि मी मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. आता तो कुठेही उघडेल.

एक बारीक गोष्ट, माझ्यासाठी बारीक नाही. छापलेल्या पहिल्या पानावर "ल" आणि "श" हिंदी वळणाचे आले. "शाळा", "लेखक", "कौशल्य", सगळीकडे. वाचता येतं, पण आपलं वाटत नाही. मराठी वाचनालयाच्या अहवालात मराठी ल हवा. कारण असं की एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि कुठलं काढायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं. लिबरऑफिसमध्ये भाषांच्या पानावर जटिल लिपीची (देवनागरीसारख्या लिपींची) मूळ भाषा हिंदी होती. ती मराठी केली, सगळा मजकूर निवडून त्याचीही भाषा मराठी केली, फॉन्ट नोटो ठेवला. दुसऱ्या पानावर ल दोन पाकळ्यांचा आला, श ला डोक्यावर गाठ. काकूंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून चष्मा वर करून पाहिली आणि पहिलं पान फाडून टाकलं.

साध्या टेक्स्ट फाइलीतून मराठी थेट छापू नये हेही आज कळलं. टेक्स्टपासून पान बनवणारा कप्सचा भाग जोडाक्षरं जुळवत नाही. लिबरऑफिसमधून पीडीएफ करून द्यायची.

२९ जुलै

कागद अडकतोय, दिवसातून तीनदा. मागचं झाकण उघडून पाहिलं, रूळ स्वच्छ. छापलेलं पान हातात घेतलं तर कोमट, कडेने वळलेलं, आणि बाहेर येताना चक्क वाफ. कागद ओला आहे. उघडं रीम काउंटरखाली ठेवलं होतं, आणि खाली फरशीला ओल आहे. २०२१ च्या पुरात पाणी त्याच भिंतीपर्यंत चढलं होतं.

नवं रीम घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या खणात. ट्रेमध्ये एका दिवसाला पुरेल तेवढाच कागद, बाकी डब्यात. दुपारनंतर एकदाही अडकला नाही.

९ ऑगस्ट

जुना प्रिंटर शाळेच्या कार्यालयाला दिला. त्याच्याबरोबर फर्मवेअरची फाइल, प्लगिनची प्रत आणि दीड पानाची मराठी टिपणी एका पेनड्राइव्हमध्ये. टिपणीची पहिली ओळ: लाइट जाऊन आल्यावर घरघर ऐकू आली पाहिजे.

राहिलेलं काम:
सभासद ओळखपत्रं आडव्या पानावर आहेत, मागची बाजू उलटी छापते. छोट्या कडेने उलटण्याचा पर्याय त्या नमुन्यापुरता कायम करून ठेवायचा.
टोनरची एक नळी गणपतीच्या आधी मागवायची, नंतर दुकान आठवडाभर बंद असतं.
वरच्या संगणकाची भाषा अजून अमेरिकन इंग्रजीच आहे.